अल्पशा आजाराने

संपादकांचा फोन आला तेव्हा मी येडशीच्या बाजारात एका म्हातारीच्या तोंडात टॉर्च मारत होते. "तुमच्या कामाचे अनुभव लिहा," ते म्हणाले, "पण दिवाळी अंक आहे, जरा बेतानं. तो शब्द फार येऊ देऊ नका." कोणता शब्द, असं मी विचारलं तर ते नुसते हसले. मी सांगितलं, तो शब्द वगळून माझ्या कामावर लिहायचं म्हणजे पाणी वगळून विहिरीवर लिहायचं. छापायचं तर सगळं छापा. त्यांनी छापलंय, त्यांचे आभार.

तो शब्द कॅन्सर. सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे ज्यांना पान उलटायचंय त्यांनी आत्ताच उलटावं.

मी परंड्याची. धाराशिवात आमच्या ट्रस्टचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, एका खोलीत खुर्च्या आणि दुसरीत पत्रकांचे गठ्ठे. आमचं काम म्हणजे गावात लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि शहरात पैसेवाल्यांना हात सैल करायला लावायचं. दोन्हीला सारखाच वेळ लागतो. तोंड उघडायला मात्र लोक कमी आढेवेढे घेतात.

कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. हॉस्टेलचं पाणी, एसटीचा पास, ज्याचा राग येईल त्यावर. तीच सवय घेऊन इथं आले आणि पहिलं पत्रक लिहिलं. लाल अक्षरात 'तंबाखू म्हणजे मृत्यू', खाली कवटी. एका गावात बायकांना वाटलं. त्यांनी मन लावून वाचलं, माना डोलावल्या. एक जण म्हणाली, "ह्ये आमच्या मालकाला दावते. लई खात्यात ते."

"आणि तुम्ही?"

"आमी कुठं खातो वं ताई? आमी मशेरी लावतो."

बाहेरच्यांसाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची, ही मशेरी. सकाळी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना लावायची. मग दुपारी रानात भाकरी खाल्ल्यावर. मग चारला, डोकं जड झालं म्हणून. नाव दात घासण्याचं आणि काम तलफ भागवण्याचं. पोरीची दाढ दुखली की आजी लावते, बाळंतिणीला मळमळलं की शेजारीण देते. तंबाखू खाणारी बाई गावात वाया गेलेली ठरते, मशेरी लावणारी मात्र घरंदाज. आमच्या पत्रकातल्या 'तंबाखूजन्य पदार्थ टाळा' या ओळीचा आपल्याशी काही संबंध आहे, असं त्या बायकांना वाटायचं कारणच नव्हतं. कवटीवाल्या पत्रकांची रद्दी झाली. दुसरं पत्रक मी छापलं त्यावर फक्त तव्याचं चित्र होतं.

तपासणीत अवघड काही नाही. टॉर्च, लाकडी पट्टी आणि आमच्याबरोबर येणारे दातांचे डॉक्टर. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का बघायचं. तिखटानं आग होते का विचारायचं. आणि बोटं. आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. वाचता वाचता करून बघा, लाजू नका. जात नसतील तर अंक खाली ठेवा आणि डॉक्टरकडे जा. सुपारी आणि गुटखा चघळणाऱ्यांचा गाल आतून दोरखंडासारखा ताठ होत जातो, तोंड आक्रसतं. हे एका दिवसात होत नाही, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही.

आता पैशाचं. तपासणीच्या गाडीला, औषधाला, एखाद्या पेशंटच्या प्रवासाला पैसे मिळतात. कशाला मिळत नाहीत, तर अभ्यासाला. आम्ही ज्या डॉक्टरांच्या अभ्यासाला निधी गोळा करतो, ते मशेरी लावणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं तपासतात. एकीचा चट्टा तसाच राहतो, दुसरीचा कॅन्सर होतो, असं का आणि आधी कळेल कसं, एवढा त्यांचा प्रश्न. संशोधन म्हटलं की देणगीदाराचा चेहरा पडतो, कारण संशोधनापुढं उभं राहून फोटो काढता येत नाही. आणि गावात संशोधन म्हटलं की लोक उठायला लागतात. "आमच्यावर प्रयोग करता व्हय?"

तामलवाडीत एका सभेत हेच झालं. लोक उठले, एक म्हातारे शेतकरी तेवढे बसून राहिले. मी त्यांना विचारलं, बाबा, तुमच्याकडं कंपनीवाले सोयाबीनचं नवं बी लावायला देतात ना, ते सगळ्या रानात लावता का?

"खुळी का काय तू? दोन सऱ्या लावायच्या. शेजारी आपलं जुनं लावायचं. त्याबिगर काय कळणार, पाऊस चांगला व्हता का बी चांगलं व्हतं."

"आणि एका हंगामात कळतं?"

"एका हंगामात काय कळतंय. चार वर्सं बघावं लागतंय."

"मग बाबा, आमच्या डॉक्टरांचं हेच चाललंय. चार वर्षं बघायला पैसे लागतात, आणि सऱ्या म्हणून माणसं लागतात. स्वतःच्या मनानं आलेली."

म्हातारे उठून चालणाऱ्यांना म्हणाले, "बसा रं. बियाच्या पिलाटचं बोलायली ती." लोक बसले. तेव्हापासून मी प्रत्येक गावात सोयाबीनच सांगते.

देणगीदारांच्या तऱ्हा लिहायला बसले तर अंक पुरणार नाही. आपल्याकडं शाळेच्या पंख्याच्या पात्यावर नाव असतं. पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही, म्हणून एक जण उन्हाळ्यात पंखे बंद ठेवा म्हणाले होते. एक होते ज्यांचा पानमसाल्याचा आणि त्याच्याआड बंदी असलेल्या गुटख्याचा धंदा. माल राज्याच्या सीमेपलीकडून यायचा. त्यांना आमच्या शिबिराला थंड पाण्याचे जार द्यायचे होते, जारवर त्यांच्या दुकानाचं नाव. मी म्हटलं, शेठ, तुमच्या पाण्यानं चूळ भरून लोक तुमचाच माल थुंकणार, हे बरं दिसेल का. ते रागावले नाहीत. "तुमी ल्हान हाव, ताई," म्हणाले, "धंदा कळत न्हाय तुमाला." खरंच कळत नाही.

पण ज्या देणगीनं मला खरं काम शिकवलं ती दत्ताअण्णांची.

अण्णांचं गाव तामलवाडीच्या पलीकडं, नाव सांगत नाही. द्राक्षबाग, दोन विहिरी, दारात ट्रॅक्टर, गावात शब्दाला किंमत. त्यांची आई अनसूयाबाई वारली, तिचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आईच्या नावानं गाडी द्यायची त्यांच्या मनात होतं, गावोगाव फिरून तोंड तपासणारी गाडी. शिवाय अभ्यासालाही काही देतो म्हणाले. ऑफिसात आमचे सर, म्हणजे ट्रस्टचं सगळं बघणारे निवृत्त हेडमास्तर, खुर्चीतून अर्धे उठले. अभ्यासाला आपणहून देणारा माणूस त्यांनी तोवर बघितला नव्हता.

मी अण्णांच्या घरी गेले. त्यांनी गाडीवर लिहायचा मजकूर तयारच ठेवला होता. 'अल्पशा आजाराने स्वर्गवासी झालेल्या कै. अनसूयाबाई यांच्या स्मरणार्थ.'

मराठी पेपरातलं हे सगळ्यात मोठं खोटं आहे, आणि आपण ते रोज छापतो. अनसूयाबाईंचा गाल आतून फाटला होता. दीड वर्ष त्या माणसांत आल्या नव्हत्या. शेवटी नळीनं पेज जायची. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि गावात कुणीही ते बोललेलं नव्हतं. 'बाईला दातांचं दुखणं झालं,' एवढंच. आईला अण्णांच्या घरात बाई म्हणतात.

"अण्णा," मी म्हटलं, "आजाराचं नाव घालू या ना. तोंडाचा कॅन्सर. गाडी त्याचीच आहे."

"त्ये नगं."

"का?"

"कोमलचं जमत आलंय." कोमल त्यांची मुलगी, नर्सिंग शिकत होती. "सोयरे काय म्हणतील? घरात तसलं हाय, पोरीतबी उतरंल. तुमी शिकलेल्या हाव, तुमाला काय समजावायचं."

मी म्हटलं, मशेरीची डबी आईकडून लेकीकडं उतरते, ती थांबवली की झालं.  तेवढ्यात त्यांच्या बायको सुरेखावहिनी चहा घेऊन आल्या. आम्हाला दिला, स्वतःचा कप खांबाजवळ ठेवला. आमचा पिऊन झाला तरी त्यांनी कपाला हात लावला नव्हता. चहावर साय धरली. मग त्यांनी बशीत ओतून, फुंकून, मान तिरकी करून डाव्या बाजूनं घोट घेतला. बोलताना पदर ओठांवर. मी इतकी तोंडं बघितली आहेत की न उघडलेलंही मला कळायला लागलंय.

निघताना मी स्वयंपाकघरात गेले. वहिनींची भाकरी दुधात भिजत घातली होती. बाकी सगळ्यांना ठेचा.

"वहिनी, आग होते का?"

"थोडी."

"तीन बोटं जातात का?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग बोटं लावून बघितली. दोन गेली. टॉर्च मारला तर उजव्या गालात आत पांढरा चट्टा होता, मधे लालसर. मशेरी सकाळ-दुपार, सुपारी दिवसभर.

"वहिनी, उद्याच बार्शीला जाऊ. मी येते बरोबर." बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे.

"आत्याचं वर्साचं होऊ द्या," त्या म्हणाल्या. सासूला त्या आत्या म्हणायच्या. "बार्शीच्या गाडीत बसलं की सगळ्या गावाला कळतंय कुठं चालले ते. आदी त्ये होऊ द्या, मग कोमलचं होऊ द्या, मग बघू."

लालसर चट्टा कोमलचं होईपर्यंत थांबेल की नाही, हे त्यांना सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. तेच तर अभ्यासाला शोधायचंय.

मी अण्णांकडं गेले आणि सरळ सांगितलं. ते म्हणाले, "तिचा दात दुखतोय."

ऑफिसात सरांशी माझं वाजलं. सर म्हणाले, "अश्विनी, गाडी घे. त्या ओळीकडं कोण बघतंय? गाडी तर फिरेल." मी म्हटलं, सर, गाडीच्या एका बाजूला लिहायचं लपवू नका, लवकर दाखवा, आणि दुसऱ्या बाजूला आम्हीच लपवायचं. सर म्हणाले, "तू पत्रकातलं बोलतेस." मी म्हटलं, हो, पत्रकातलंच बोलते, कारण ते खरं आहे. वहिनी दोन बोटांवर आल्यात आणि बार्शीच्या गाडीत बसत नाहीत, का, तर ती ओळ. ती ओळ त्यांच्या घरात राहते, सर. तिच्यापायी दुसरी बाई जाईल, आणि मग तिच्याही नावाची गाडी आपण घेऊ का?

 सरांना राग आला होता, पण 'नको म्हणून कळव' असं तेच म्हणाले. मग उठून बाहेर जाऊन उभे राहिले. गाडीसाठी त्या माणसानं किती उंबरे झिजवले होते ते मला ठाऊक होतं.

मी फोन केला नाही, गेले. अण्णांना म्हटलं, ह्या ओळीनं गाडी आम्हाला नको. नाव घालायचं तर आजाराचंही घाला.

अण्णा म्हणाले, "पोरी, लोक देणगी मागायला माझ्या दारात येतेत. नगं म्हणायला आलेली तू पयली." मग म्हणाले, "च्या घ्या आन निघा." आणि मी जिना उतरत असताना वरून, "वर्साला या. सांगिटलंय तर यायचं."

गेले. सांगितलेल्या वर्षश्राद्धाला न जाणं आमच्याकडं बसत नाही, भांडण असलं तरी.

मांडव मोठा. दहा ते बारा कीर्तन, मग फुलं, मग जेवण. कीर्तनाआधी भाषणं. फ्लेक्सवर अनसूयाबाईंचा जुना फोटो, गाल धड असतानाचा, खाली तीच ओळ. एकामागून एक पुढारी माइकवर आले आणि सगळे अल्पशा आजारानंच बोलले. पुरुषांत तबक फिरत होतं, पान, सुपारी, चुना, तंबाखू. कॅन्सरनं गेलेल्या बाईच्या वर्षश्राद्धाला तंबाखूचं तबक, आणि ते माझ्यासमोरही आलं, कारण पाहुण्याला विचारावं लागतं. बायकांच्या पहिल्या ओळीत कोमलला बघून गेलेले सोयरे, म्हणजे मुलाची आई आणि मावशी.

फोटोपुढं नैवेद्याचं ताट लागलं. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्या ताटात ठेवतात. कुणाला बिडी, कुणाला भजी. अनसूयाबाईंसाठी पुरणपोळी, कढी, बशीत चहा. मग अण्णांची थोरली बहीण, शांताअक्का, पुढं आल्या आणि त्यांनी ताटाच्या कडेला पितळेची डबी ठेवली. ताजी मशेरी, वास मांडवभर.

"ह्याच्याबिगर बाईचं ताट पुरं व्हायचं न्हाय," अक्का म्हणाल्या. "सुरेखा, तुझ्या हातची लागायची तिला. पर तू आवंदा भाजली न्हाईस, म्हनून म्या भाजून आणली."

सुरेखावहिनी ताटाशी बसल्या होत्या, पदर ओठांवर. त्यांनी डबी उचलली. मला वाटलं नीट ठेवतायत. त्यांनी ती ताटाबाहेर, मागं जमिनीवर ठेवली.

अक्कांनी परत ताटात ठेवली. "अगं, आवडीचं ठेवावं लागतंय."

वहिनींनी परत काढली. "अक्का, ही नगं."

"कामाचं बोल. कावळा शिवंल का मग?"

"न शिवू दे. म्या रोज भाजून दिली त्यांना. तव्यावरची चाखून बघता बघता म्याबी लागले. हिनंच खाल्लं आत्याला, आन आता परत हीच वाढायची?"

आवाज मोठा नव्हता. पण माइक शेजारीच होता आणि तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. अण्णा मधल्या वाटेनं आले, खाली वाकून म्हणाले, "सुरेखा, गप. पावणे बसलेत."

"बसू द्या. त्यांनाच सांगते." वहिनींनी ओठांवरचा पदर काढला. मी त्यांचं तोंड तेव्हा पहिल्यांदा उजेडात नीट बघितलं, उजवा गाल किंचित ओढलेला. "आत्याला कॅन्सर झाला व्हता. तोंडाचा. अल्पसा न्हाय, दीड वर्सं. म्या पेज घातलीय नळीनं. आन मला दोनच बोटं जात्यात. उद्या म्या बार्शीला जाणार हाय. ज्यांना इचारायचं त्यांनी आत्ता इचारा, माघारी बोलू नका."

 मुलाच्या मावशीनं मुलाच्या आईकडं बघितलं. अक्का डोळ्यांना पदर लावून बसल्या. कीर्तनकार महाराज टाळ हातात घेऊन उभे होते, त्यांना कळेना सुरू करावं की नाही. अण्णाच शेवटी म्हणाले, "महाराज, करा सुरू." आणि जाता जाता खाली वाकून त्यांनी ती डबी उचलून खिशात घातली. ताटात ठेवली नाही. मी ते बघितलं, वहिनींनीही बघितलं.

जेवणं चालू असताना मी हात धुवायला मागं गेले. गोठ्याशी मुलाची आई माझी वाट बघत उभी होती. "तुमी त्याच का तपासणीच्या?" म्हणाली. "माझंबी बघता का जरा? कुणाला सांगू नका." गव्हाणीच्या आडोशाला टॉर्च मारला. हिरडीवर चट्टा होता, साधा पांढरा. मशेरी सोडा, डॉक्टरांना दाखवा, घाबरू नका, असं सांगितलं. तिनं माझा हात धरून ठेवला होता.

त्याच बाईनं आठ-पंधरा दिवसांत निरोप धाडला की पत्रिका जुळत नाही.

ही गोष्ट मी कुठंही सांगितली की लोक आधी विचारतात, मग लग्न जमलं का? वहिनींच्या तोंडाचं नंतर. मला त्याचा संताप येतो, पण उत्तर देते. नाही जमलं. तिथं नाही. कोमल नर्स झाली, आता नोकरी करते, आणि तिच्या पुढच्या स्थळाला तिनं स्वतःच पहिल्या भेटीत सांगितलं की आजी कॅन्सरनं गेली. तो म्हणाला, माझे चुलतेही. पुढचं त्यांचं ते बघून घेतील.

वहिनी दुसऱ्याच दिवशी बार्शीच्या गाडीत बसल्या. मी खिडकीशी, त्या मधे आणि पलीकडं अण्णा, हातात पाण्याची बाटली. बस भरलेली आणि सगळे ओळखीचे. एकानं विचारलं, "कुठं वं अण्णा, सकाळच्यापारी?" अण्णांनी घसा साफ केला. "बार्शीला. हिच्या तोंडाचं दावायला." विचारणारा आपली जागा सोडून अण्णांशेजारी येऊन बसला. त्याच्या भावाचं काय करावं, असं हळू आवाजात विचारत होता.

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. त्याचा अहवाल येईपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही. कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या. वहिनी अजून थांबल्या असत्या तर काय झालं असतं, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत आणि मीही सांगणार नाही. चट्टा काढला. मशेरी, सुपारी बंद. तोंडाचे व्यायाम रोज, दातांत लाकडी पट्ट्या धरून, दुखलं तरी. दर काही महिन्यांनी तपासणी, जन्मभर. मशेरी सुटायला सोपी नसते. वहिनी महिनाभर घरातल्यांवर खेकसत होत्या, असं कोमल सांगते.

डॉक्टरांनी अभ्यासाचं विचारलं, तुमचा नमुना ठेवू का, पुढं बोलावू का. मी सोयाबीनचं सांगायला तोंड उघडलं, तर वहिनींनी हातानं थांबवलं. "कळलंय मला. मला धरा एका सरीत."

अण्णा ऑफिसात आले ते पावसाळा संपताना. सरांच्या समोर बसले, माझ्याकडं बघितलं नाही. खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. 'कै. अनसूयाबाई यांच्या स्मरणार्थ. मशेरीमुळे तोंडाच्या कॅन्सरने गेल्या.'

"चालंल का आता?" त्यांनी सरांना विचारलं. सरांनी माझ्याकडं बोट केलं.

मी म्हटलं, "अण्णा, चालेल."

"लई उपकार झाले," अण्णा म्हणाले. सर हसले, मग अण्णाही हसले. अभ्यासाचे पैसे त्यांनी आधी म्हणाले होते तसेच दिले. त्यावर नाव कुठं घालायचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्याच्यावर कुठं लिवतेत? राहू द्या."

गाडी रंगवायला गेली तेव्हा पेंटरनं मला बाजूला घेतलं. "ताई, त्यो शब्द जरा बारीक काढू का? लोक गाडीत चढायचे न्हायत." मी काही बोलायच्या आत अण्णांनी ऐकलं. "मोठा काढ," म्हणाले. "लांबून दिसला पायजे."

पेंटरचं काही चुकलं नव्हतं. पहिल्या काही गावांत लोकांनी ओळ वाचली आणि ते लांब उभे राहिले. परंड्यात, माझ्याच गावात, ओळखीच्या बायका गाडीला वळसा घालून गेल्या. सर म्हणाले, बघ. मी म्हटलं, बघतेय. उभे तर आहेत ना, वाचतायत ना. मग वहिनी गाडीबरोबर यायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. एका सकाळी डबा घेऊन उभ्याच होत्या.

संपादकांचा फोन आला तेव्हा येडशीच्या बाजारात जिच्या तोंडात मी टॉर्च मारत होते, ती म्हातारी मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. आधी तोंड उघडायला तयार नव्हती. वहिनी तिच्यापुढं उकिडव्या बसल्या, स्वतःचा पदर काढला आणि तीन बोटं उभी करून तोंडात घातली. तिसरं बोट अजून पुरतं जात नाही. अर्धं जातं, डोळ्यांत पाणी येतं. पण जातं.

"मला दोनच जायची," त्या बोटं काढून म्हणाल्या. "आता तू."

म्हातारीनं हसून तोंड उघडलं. माझं बघून झाल्यावर तिनं वहिनींना विचारलं, "तू नरस हायस व्हय गं?"

"न्हाय," वहिनी म्हणाल्या, आणि गाडीवरच्या ओळीकडं बोट केलं. "म्या त्यांची सून हाय."